डावा इंडिकेटर

३ फेब्रुवारी

दादा,

पत्ता वहिनींकडून घेतला. त्या म्हणाल्या, "फोन करू नकोस, तो उचलणार नाही. ईमेल तो उघडतच नाही. पत्र लिही. हाताने लिहिलेला कागद फेकायला त्याचा जीव होत नाही." म्हणून पत्र.

सहा वर्षांनी काय लिहायचं असतं ते मला माहीत नाही. बाबा गेले तेव्हा तू दोन दिवस आला होतास. आपण चार वाक्यं बोललो आणि त्यातली दोन चहाबद्दल होती. तेव्हापासून तेही नाही.

मी बरी आहे. त्याच प्रयोगशाळेत आहे, त्याच खिडकीजवळ. अजून अपघातातल्या गाड्यांच्या नोंदपेट्या वाचते. तळहाताएवढी डबी गाडीचा वेग, ब्रेक, सायरन, दिवे हे सगळं सेकंदाला दहा वेळा लिहून ठेवते आणि मी ते वाचून कुणाचं काय झालं ते सांगते. हे तुला ठाऊक आहे, पण पत्राच्या सुरुवातीला काहीतरी लिहावं लागतं.

वहिनी म्हणाल्या की तू कारखान्यात चालत जातोस आणि चालतच येतोस. बसमध्ये बसलास तरी ड्रायव्हर दिसणार नाही अशी सीट शोधतोस. मी काही विचारायच्या आत त्यांनी सांगितलं, "साडेचार किलोमीटर. तुझ्या प्रश्नांची उत्तरं मी आधीच काढून ठेवते."

एक तांत्रिक प्रश्न होता. बाबा ड्रायव्हिंग शिकवताना ब्रेक दोनदा हलका दाबायला लावायचे आणि मग खोल. हे पोलिसांच्या प्रशिक्षणातही शिकवतात, की तू घरचंच चालू ठेवलंस? कामासाठी विचारते आहे. घाई नाही.

तुझी बहीण


१४ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. वहिनी म्हणतात, तू पत्र दोनदा वाचलंस आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवलंस. "दुसऱ्यांदा वाचताना हसला का?" असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "हसला नाही. पण जेवायला वेळेवर आला."

मागच्या पत्रातला प्रश्न सरळ नव्हता. सरळ लिहिते.

पोलिसांनी गाडीचा पाठलाग कधी सुरू करावा, कधी सोडावा आणि मधल्यामध्ये कुणाला इजा झाली तर ती कुणाच्या माथी, हे नव्याने ठरवायला एक समिती नेमली आहे. समितीने एकतीस जुन्या फाइली आमच्याकडे पाठवल्या. त्यातली ड्रायव्हरची नावं काळ्या पट्टीने झाकलेली असतात. आमच्याकडची पद्धतच तशी आहे. मोजणाऱ्याला माणूस दिसता कामा नये, फक्त गाडी दिसावी. चुकून माणूस ओळखू आलाच तर फाइल त्याच दिवशी आमच्या प्रमुख मॅडमच्या टेबलावर परत ठेवायची आणि दुसऱ्याने ती मोजायची.

एक तारखेला मी सातवी फाइल उघडली. दुपारी चार अडतीसला एक राखाडी गाडी नाकाबंदीवर न थांबता निघून गेली आणि पोलिसांची गाडी तिच्या मागे लागली. पाठलाग तीन मिनिटं चाळीस सेकंद चालला. पोलिसांच्या गाडीच्या ब्रेकचा आलेख मी पडद्यावर मोठा केला. दोन छोटे उंचवटे, मग एक खोल दरी. पुढच्या वळणावर पुन्हा तेच, आणि त्याच्याही पुढच्या वळणावर तेच. शंभरच्या वेगाने जाणारा माणूस प्रत्येक ब्रेकआधी मागच्याला दोनदा दिवा दाखवत होता. मागे कुणीही नसताना.

दादा, काळी पट्टी नावावर असते. पायावर नसते.

पुढचं मला वाचायची गरज नव्हती. बाजारपेठेच्या चौकात त्या राखाडी गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना उडवलं. शिवणकाम करणाऱ्या बाई, दुकान बंद करून निघाल्या होत्या. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पळणाऱ्याच्या गाडीत हत्यार सापडलं नाही, चोरीचं काही सापडलं नाही. त्याचं लायसन्स रद्द झालं होतं आणि ते कळेल म्हणून तो पळाला. एवढंच.

फाइल मी परत ठेवायला हवी होती. आज चौदा तारीख आहे आणि ती माझ्याच खणात आहे.

हे कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे कारण तू कुणाशी बोलत नाहीस.

तुझी बहीण


२० फेब्रुवारी

दादा,

हे पत्र बसून वाच.

आधी जेवणाच्या टेबलाचं. तू ते विसरला नसशील, पण मला ते माझ्या हाताने लिहायचं आहे. चौकशीने तुला निर्दोष ठरवलं होतं. पाठलाग सोडायचा आदेश आला की दहा सेकंदांची मुभा असते आणि तू "दहाच्या आत" गाडी आवरलीस, असं अहवालात होतं. त्यापुढे कुणी मोजलं नाही, कारण फाइल बंद व्हायला तेवढं पुरेसं होतं. तू नोंदपेटीचा कागद आणि कंट्रोल रूमच्या संभाषणाचा कागद घेऊन घरी आलास आणि मला विचारलंस, "फूटपट्टी, दहाच्या आत म्हणजे नक्की किती गं?"

मी संत्रं सोलत होते. नोकरीला लागून आठ महिने झाले होते आणि आपल्याला सगळं मोजता येतं अशी माझी खात्री होती. दोन कागद शेजारी ठेवले. कंट्रोलचा आदेश चार बेचाळीस आणि एकतीस सेकंद. तुझा पाय ॲक्सिलरेटरवरून उठला तो अडतिसाव्या सेकंदाला. मी म्हणाले, "सात. माणसाला भान यायला दीड सेकंद धर. उरले साडेपाच. ते तुझे."

"ते तुझे" म्हणायची गरज नव्हती. वाक्य त्याआधीच पूर्ण झालं होतं.

तू "बरं" म्हणालास आणि कागदांची घडी घातलीस. वहिनींनी माझ्या पुढ्यातली सालं उचलली. आठवड्याभरात तू राजीनामा दिलास. महिन्याभरात तुम्ही दोघं इतक्या लांब गेलात की नकाशावर माझी खरी फूटपट्टी पुरेना.

मी खोटं बोलले नव्हते. मी चुकीचं मोजलं होतं. या दोन्हींत फार मोठा फरक आहे, असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आले, तेही नक्की कुठे चुकलं ते ठाऊक नसताना. नुसतं वाटायचं की "बरं" या शब्दात काहीतरी राहून गेलंय. म्हणूनच फाइल खणात ठेवली.

आता टेप. सहा वर्षांपूर्वी मी संभाषणाचा कागद वाचला होता. टेप ऐकला नव्हता. कागदावर असं आहे:

गाडी: (शांतता)
कंट्रोल: पाठलाग सोडा. पाठलाग सोडा.

परवा मी हेडफोन लावला. ती शांतता नाही, दादा. तू माइक उघडलास आणि बोलला नाहीस. सहा सेकंदांच्या वर तो उघडाच होता. आत इंजिनचा आवाज उतरत जातो. सायरन नाही. आणि त्या उतरत्या आवाजावर, अगदी जवळ, टिक-टिक, टिक-टिक. नऊ वेळा. मग माइक बंद होतो. आणि त्यानंतर, आधी नव्हे, कंट्रोल रूममधल्या बाई म्हणतात, पाठलाग सोडा.

घड्याळ चुकू शकतं. पण एकाच टेपवर जे आधी वाजलं ते आधीच झालेलं असतं. टेपवरचं उतरतं इंजिन नोंदपेटीतल्या वेगाशी जुळवलं, तर कंट्रोल रूमच्या रेकॉर्डिंग यंत्राचं घड्याळ पंधरा सेकंद मागे निघालं. ते कुणी लावलंच नव्हतं. कागदावरचा एकतिसावा सेकंद खरा सेहेचाळिसावा होता. तू आदेशानंतर सात सेकंदांनी नाही, आदेशाच्या आठ सेकंद आधी सोडलंस. तुला कुणी सांगितलेलं नसताना.

मी नोंदपेटीत इंडिकेटरचा रकाना शोधला. तो कधीच कुणी छापून घेत नाही, पाठलागात इंडिकेटरचं काय काम? तिथे होतं: डावा इंडिकेटर, सुरू, अडतीस पूर्णांक सहा सेकंद. आधी पाय उचललास, मग सायरन बंद, दिवे बंद, मग डावा इंडिकेटर, मग दोन हलके ब्रेक आणि एक खोल, आणि मग डावीकडच्या गल्लीत वळून थांबलास.

इंडिकेटर कुणासाठी होता ते शोधायला मला एक दुपार लागली. तुझ्या मागे कुणी नव्हतं. समोरून कुणी येत नव्हतं. त्या रस्त्यावर तुझी गाडी पाहू शकेल असा एकच माणूस होता, तोही आरशात. त्याच्यासाठी दिलास. मी वळतोय, तू आता सावकाश जा, एवढं सांगायला तुझ्याकडे दुसरी भाषा नव्हती.

आई बाबांना चिडवायची ते आठवतं? अंगणात वळतानाही ते इंडिकेटर द्यायचे. "कुणाला दाखवताय? मांजराला?" बाबा म्हणायचे, "मांजराला कळतं. तुझ्या भावाला कळत नाही."

सेकंदाला तीस मीटर जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे आलं. समोर ज्याला धरायचंय त्याची काळजी. कुठल्याही नियमात ते नव्हतं, आजही नाही. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. का ते सांगता येत नाही. आमच्याकडे कुणी आलं म्हणून कुणी उठत नाही. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "काय झालं? पाल?" मी नाही म्हटलं आणि उभीच राहिले. तो बिचारा पाय वर घेऊन बसला.

पुढचंही लिहायला हवं. लिहिलं नाही तर पुन्हा अर्धाच कागद वाचल्यासारखं होईल. पळणाऱ्याच्या गाडीचा वेग शेवटपर्यंत कमी झाला नाही. त्याच्या जबाबात एक ओळ आहे: "मागे बघायची हिंमत नव्हती." तू सोडल्यावर तेरा सेकंद तो रिकाम्या रस्त्यापासून पळत होता. त्या तेरा सेकंदांत त्याच्यामागे कुणीही नव्हतं, आणि तरीही तूच होतास.

फूटपट्टी


२३ फेब्रुवारी

दादा,

काल मॅडमना सांगितलं. फाइल त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "हा माझा भाऊ आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कधी ओळखलंस?"

"एक तारखेला. अकरा वीसला."

"आणि आज?"

"बावीस."

"म्हणजे ओळखलंस मिनिटासकट आणि सांगतेस तीन आठवड्यांनी."

 त्यांनी विचारलं की का ठेवलीस. मी आदल्या रात्रीच एक उत्तर तयार करून ठेवलं होतं, की सात सेकंद खरे निघाले तर ते पुन्हा मीच पाहावेत असं वाटलं. ते बोललेही. त्या थांबून राहिल्या. त्यांचं थांबणं तुला माहीत नाही. त्यात माणूस आपोआप खरं बोलतो.

म्हटलं, "मला सात चुकीचे निघायला हवे होते."

"मग मोजणारी तू नव्हेस."

"नाही."

"चुकीचेच निघालेत, हे मला तुझ्या तोंडावर दिसतंय. पण तुझ्या तोंडावर दिसतंय म्हणूनच ते मला चालणार नाही. कळतंय?"

कळत होतं. फाइल दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे जाईल. माझी सगळी टिपणं तिच्यातून काढली. त्यांना काहीही सांगायचं नाही, टेप त्यांनी पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकायचा. आणि सहा महिने मी एकाही अहवालावर सही करायची नाही. त्यांनी हे माझ्यासमोर टाइप केलं, छापलं आणि मला वाचायला दिलं. एक स्वल्पविराम चुकला होता. मी तो दाखवला. त्या म्हणाल्या, "तुला शिक्षा करतानासुद्धा तपासून घ्यावं लागतं."

जाताना त्यांनी विचारलं, "त्याने तुला कधी सांगितलं नाही, आधीच सोडलं होतं म्हणून?"

"नाही."

"चौकशीतही नाही?"

"नाही."

"का?"

ते मलाही विचारायचं आहे, दादा. तुला माहीत होतं. पाय तुझाच होता. मी टेबलावर सात म्हणाले तेव्हा समोरचा माणूस ते चुकीचं आहे हे जाणत होता आणि "बरं" म्हणाला. मी सहा वर्षं त्या "बरं"चा अर्थ कबुली असा लावला.

दुसरी प्रयोगशाळा काहीही म्हणो, मी माझं लिहून ठेवते: माझं चुकलं. मी ऐकायला हवं होतं तिथे वाचलं.

फूटपट्टी


१९ मार्च

दादा,

दुसऱ्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं: आदेशाच्या आठ पूर्णांक एक सेकंद आधी. इंडिकेटरचीही नोंद केली आहे. काल समितीपुढे सुनावणी होती. मी साक्षीदार नव्हते, तशी कुणीच नव्हते. मागे बसायला गेले होते.

बाहेर बाकावर एक साठीच्या बाई बसल्या होत्या, शेजारी कुबडी. मी बसले तशी त्यांनी माझ्या कोटाची बाही दोन बोटांत धरली.

"हा खांदा कुणी कापला?"

"तयार घेतलाय."

"दिसतंच आहे. हात वर केलास की सगळा कोट वर येत असेल."

तसंच होतं. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "तू कुणाकडून?"

मला खोटं बोलता आलं असतं. "त्या ड्रायव्हरची बहीण."

"पुढच्याची की मागच्याची?"

"मागच्याची."

त्यांनी बाही सोडली. उठून गेल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी कोण ते तुला कळलं असेल." कळलं होतं. पुढे आम्ही दोघी बराच वेळ समोरच्या भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं बघत बसलो.

आत टेप लावला. मोठ्या खोलीत, स्पीकरवर. मी तो चाळीसेक वेळा ऐकला असेल, पण लोकांमध्ये बसून कधी ऐकला नव्हता. उतरतं इंजिन, टिक-टिक, आणि बारा माणसं श्वास धरून. संपल्यावर अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीश, काही म्हणायच्या आत बाई म्हणाल्या, "परत लावा."

परत लावला. त्या बोटांवर मोजत होत्या, टाके मोजावे तसं, अंगठ्याने पेरं पुढे सरकवत.

"नऊ," त्या म्हणाल्या. "हे चाललं होतं तेव्हा मी कडेला उभी होते. दोन्हीकडे बघितलं मी. राखाडी गाडी दिसलीही, पण लांब वाटली. लांबच होती हो. फक्त जोरात होती."

त्यांनी बोटं मिटली.

"सहा वर्षं मी त्या दोघांना मिळून एकच शिवी देत आले. आता दोन वेगवेगळ्या शोधायला लागणार. या वयात!"

खोलीत हसू फुटलं, आणि फुटल्याची लाज वाटल्यासारखं लगेच थांबलं. त्या हसल्या नव्हत्या.

"सोडताना त्याने त्या पळणाऱ्याला सांगितलं. चांगलं केलं. एवढं मी मान्य करते. पण धरताना कुणाला सांगितलं होतं? माझ्या दुकानावरून शंभरच्या वेगाने जायच्या आधी मला कुणी विचारलं का, की बाई, एकाचं लायसन्स रद्द झालंय, तेवढ्यासाठी तुमचा रस्ता वापरू का?"

एका सदस्याने समजवायचा प्रयत्न केला की नाकाबंदी मोडणारा कोण आहे ते तेव्हा ड्रायव्हरला माहीत नसतं, तो खुनी असू शकतो. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. माहीत नसतं. म्हणूनच विचारते, माहीत नसताना किती जोरात जायचं?"

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "याचं उत्तर आत्ता..."

"उत्तर नको. लिहून घ्या."

त्यांनी पेन उचललं आणि लिहून घेतलं. दादा, मी मोजमाप करणारी आहे. मी आजवर जे जे मोजलं ते सगळं तुझ्या तीन मिनिटं चाळीस सेकंदांच्या शेवटचं होतं. शेवटचे सात, शेवटचे आठ, शेवटचे नऊ ठोके. या बाईंनी एका प्रश्नात बोट पहिल्या सेकंदावर ठेवलं. मी तिकडे कधी पाहिलंच नव्हतं, कारण तिथे आलेख सरळ असतो आणि सरळ रेषेत मोजण्यासारखं काही नसतं. दुसऱ्यांदा मला उभं राहावंसं वाटलं. या वेळी राहिले नाही, कारण खुर्ची वाजली असती.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "तो आता काय करतो?"

"कारखान्यात सुटे भाग तपासतो. गाडी चालवत नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

त्यांनी कुबडी काखेत नीट बसवली. "मी मशीन पायाने चालवायचे. चाळीस वर्षं. आता मोटर लावलीय, कोपराने दाबायचं बटण आहे. शिकायला चौदा महिने लागले, पहिली सगळी शिवण वाकडी. त्याला सांग." मग दोन पावलं जाऊन वळल्या. "टोमणा म्हणून नको सांगूस. नुसतं सांग."

नुसतं सांगितलं.

फूटपट्टी


८ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं. पाकीट हलकं होतं, वाटलं वहिनींनी रिकामंच पाठवलं. आत तुझ्या हाताच्या सहा ओळी. इथे पुन्हा उतरवते, माझ्याकडून काही सुटलं नाही ना हे तुला कळावं म्हणून:

"ब्रेक घरचाच. प्रशिक्षणात शिकवत नाहीत.
नऊ नाही, दहा. पहिला माइक उघडायच्या आधीचा.
गल्लीत थांबलो तेव्हा चौकातला आवाज आला. मग धावलो.
तू सात म्हणालीस तेव्हा भांडलो नाही, कारण उशीर झालाच होता. आदेशाला नव्हे, बाईंना.
धरताना कुणालाच विचारलं नाही. मनातही नाही.
हे त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं असेल तर विचार."

दुसरी ओळ वाचून मी सरळ मॅडमकडे गेले. फाइल मला आता उघडता येत नाही. म्हटलं, फक्त इंडिकेटरचा रकाना बघा, ठोके किती. मी नोंदपेटीतून फक्त सुरुवातीची वेळ घेतली होती. ठोके टेपवरूनच मोजले होते आणि नऊवर थांबले होते. दुसऱ्या प्रयोगशाळेनेही तेच केलं. अहवालात नऊ आहे. समितीने नऊ ऐकले, बाईंनी नऊ मोजले.

मॅडमनी पडदा माझ्याकडून फिरवून घेतला आणि बोट ठेवत गेल्या. मला फक्त त्यांचं नख काचेवर वाजताना ऐकू येत होतं. थांबल्या. परत पहिल्यापासून गेल्या.

"दहा," म्हणाल्या. आणि मग, "याच्याकडे कागद होता का?"

"नाही. तेव्हा घेतलेल्या कागदात हा रकाना नव्हता."

पडदा त्यांनी पुन्हा सरळ केला नाही.  सहा वर्षं. साडेचार किलोमीटर जाताना, साडेचार येताना. दोन प्रयोगशाळा, एक समिती आणि एक फूटपट्टी, सगळ्यांचं चुकलं. ज्याला कुणी विचारलं नव्हतं त्याचं बरोबर होतं. पहिल्यांदा मी ऐकलं नाही, दुसऱ्यांदा वाचलं नाही. मॅडम म्हणाल्या, दुरुस्तीचं पत्र त्या पाठवतील, सहीसुद्धा त्याच करतील.

नवा नियम आला आहे. मसुदाच आहे अजून, पण कलम सरळ आहे: पाठलाग सोडताना सायरन आणि दिवे बंद करावेत, इंडिकेटर देऊन दुसऱ्या रस्त्याला वळावं आणि थांबावं, म्हणजे पळणाऱ्याला आपण सुटलो हे दिसेल. त्याच्या वरचं कलम मोठं आहे. त्यात लिहिलंय की केवळ न थांबल्याबद्दल वस्तीच्या रस्त्यावर पाठलाग सुरूच करू नये. दुसरं कलम तुझं आहे. पहिलं बाईंचं आहे. दोन्हीखाली कुणाचंही नाव नाही.

मग मी त्यांच्या दुकानात गेले. दुपारी, साडेतीनला. दाराला घंटी आहे. त्या मशीनवर होत्या, कोपर बटणावर. कापड सुरीसारखं सरळ जात होतं. मी तुझ्या सहा ओळी वाचून दाखवल्या, सगळ्या, ब्रेकचीसुद्धा. चौथ्या ओळीला मशीन थांबलं. पाचवीनंतर त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत एकेक खोचल्या. पाच होत्या.

"दहा का," त्या म्हणाल्या.

"दहा."

"मनातही नाही, असं लिहिलंय त्याने? दाखव."

दाखवलं. त्यांनी ती ओळ बोटाखाली धरून वाचली. मग कागद माझ्याकडे दिला, कापड पुन्हा सुईखाली घेतलं आणि बोलल्या ते मशीनकडे बघून. मी शब्दाला शब्द लिहिते आहे:

"ये म्हणावं. बसने ये, चालत ये, कसाही ये. सोमवार सोडून. सोमवारी दुकान बंद असतं. आणि तूही तुझा तो कोट घेऊन ये, खांदा मला बघवत नाही."

मी वहिनींना फोन करून बसच्या वेळा विचारल्या. त्यांनी आधीच काढून ठेवल्या होत्या.

सोमवार सोडून ये.

फूटपट्टी